बाराचे सात

एम.ए.च्या अमेरिकन साहित्याच्या पेपरची तपासणी होऊन आता वर्ष होत आले, तरी त्यातली एक उत्तरपत्रिका माझ्या मनातून गेलेली नाही. केंद्रीय तपासणीत दाराशीच मोबाइल जमा करून घेतात आणि पुस्तक आत नेऊ देत नाहीत. टेबलावर गठ्ठा, गुणतक्ता आणि लाल पेन, एवढेच असते. विद्यार्थ्याचे नाव आणि बैठक क्रमांक झाकलेले असतात, दिसतो तो फक्त बारकोड. बाहेरच्यांना सहसा माहीत नसते की तपासनिसाने दिलेले गुण अंतिम नसतात. प्रत्येक गठ्ठ्यातल्या काही उत्तरपत्रिका, विशेषतः ज्यांना भरपूर गुण पडले आहेत अशा, मॉडरेटर हिरव्या पेनाने पुन्हा तपासतो.

त्या दिवशीचा प्रश्न नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या 'द स्कार्लेट लेटर' या 1850 सालच्या कादंबरीवर होता: 'पाप आणि उद्धार यांची कादंबरी' म्हणून तिची चर्चा करा, गुण 15. निकाल प्रश्नातच देऊन टाकायचा आणि विद्यार्थ्याने त्याला पुरावे जोडायचे, ही प्रश्न काढण्याची आमची जुनी खोड आहे. बाजारात मिळणाऱ्या गाइडमध्ये याचे तयार उत्तर आहे. सतराव्या शतकातल्या बोस्टनमध्ये हेस्टर प्रिनने व्यभिचाराचे पाप केले, शिक्षा म्हणून अंगावर लाल 'ए' ('ॲडल्टरी'चे, म्हणजे व्यभिचाराचे अक्षर) वागवून ती पश्चात्तापाने शुद्ध झाली. त्या पापातला तिचा साथीदार, धर्मोपदेशक डिम्सडेल, याने ते लपवले, म्हणून तो झिजून मेला. आणि सूडापोटी त्याच्या काळजात हात घालणारा, हेस्टरचा नवरा चिलिंगवर्थ हा सर्वांत मोठा पापी. सकाळपासून पाहिलेल्या पस्तीस उत्तरांपैकी तीसएक उत्तरांत ही वाक्ये याच क्रमाने आली होती. त्यांना 8 किंवा 9 देऊन मी पुढे जात होते.

मग ती उत्तरपत्रिका आली. अक्षर गिचमिड होते, इंग्रजीत विभक्तीच्या चुका होत्या, सुरुवातीला लेखकाचा परिचयही नव्हता. पहिलेच वाक्य असे होते की या कादंबरीत पश्चात्ताप कोणी केला, हे लेखकाने सांगितलेलेच नाही. पुढे दोन वाक्ये एकमेकांशेजारी ठेवली होती. तेराव्या प्रकरणात निवेदक म्हणतो की लाल अक्षराने आपले काम केले नव्हते. शेवटच्या, म्हणजे चोविसाव्या प्रकरणात हेस्टर पुष्कळ वर्षांनी स्वतःहून बोस्टनला परतते, कोणीही सक्ती केलेली नसताना तेच अक्षर पुन्हा छातीवर लावते, आणि तिथे निवेदक म्हणतो की तिचे पाप इथेच घडले, तिचे दुःख इथेच होते आणि तिचा पश्चात्ताप इथेच अजून व्हायचा होता. विद्यार्थ्याने 'अजून व्हायचा होता' या शब्दांखाली रेघ मारली होती आणि लिहिले होते की गावाने इतकी वर्षे भोगायला लावलेल्या शिक्षेतून जर पश्चात्ताप निपजलाच नसेल, तर त्या शिक्षेतून निपजले काय?

अठरा वर्षे मी ही कादंबरी शिकवते आहे. ही दोन्ही वाक्ये मी वर्गात वाचून दाखवली आहेत. ती एकत्र ठेवून पाहायचे मला कधी सुचले नव्हते.

उत्तरात पुढे डिम्सडेल होता. तिसऱ्या प्रकरणात हेस्टर तान्ही मुलगी घेऊन शिक्षेच्या चौथऱ्यावर उभी आहे आणि वरच्या सज्जातून डिम्सडेलच तिला बजावतो की सहअपराध्याचे नाव सांग, तुझ्या मौनाने त्याच्या पापात ढोंगाची भर पडेल. हा प्रसंग आम्ही 'नाट्यमय विरोधाभास' म्हणून शिकवतो आणि सोडून देतो. या विद्यार्थ्याने लिहिले होते की जे काम करायची हिंमत आपल्यात नाही, ते तो पुरुष त्या बाईकडून करून घेऊ पाहतो आहे, आणि तेही उपदेशाच्या सुरात. पुढे तो व्यासपीठावरून स्वतःला महापापी म्हणवतो, तेव्हा मंडळी त्याला आणखीच संत मानू लागते. अखेरीस चौथऱ्यावर चढून तो प्राण सोडतो, तेव्हाही काही प्रतिष्ठित माणसे सांगतात की त्याने स्वतःचा अपराध कबूल केलाच नाही, त्याचे तसे मरण हा तर एक दृष्टान्त होता. सार म्हणून लिहिलेल्या वाक्याच्या मध्येच, इंग्रजी शब्द न सुचल्यामुळे असावे, देवनागरीत 'टोचणी' हा शब्द होता: हेस्टरच्या वाट्याला लाज आली पण टोचणी नव्हती, डिम्सडेलला टोचणी होती पण लाज त्याने टाळली, आणि गावाजवळ औषध एकच होते, ते चुकीच्या माणसाला पाजले गेले.

मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगते की हॉथॉर्नचा पूर्वज जॉन हॅथॉर्न हा 1692 च्या सेलममधील चेटूक खटल्यांतला एक न्यायाधीश होता. त्याच न्यायासनावर बसलेला सॅम्युएल स्यूअल 1697 च्या जानेवारीत बोस्टनच्या चर्चमध्ये भर मंडळीपुढे उभा राहिला आणि त्याचा कबुलीजबाब धर्मोपदेशकाने वाचून दाखवला. हॅथॉर्नने तसे काही केले नाही. त्या समाजात लाज देण्याची साधने मुबलक होती. खोडे होते, चौथरे होते, कपड्यांवर शिवायची अक्षरे होती, फासही होता. मेरी लॅथम नावाच्या तरुण विवाहितेला तिच्या जोडीदारासह 1644 मध्ये व्यभिचारासाठी फाशी दिले गेले. स्यूअलला मात्र कोणी उभे केले नव्हते, तो आपण होऊन उभा राहिला. लाज आणि टोचणी यांतला हा फरक मी एवढे तपशील देऊनही कधी इतक्या सरळ शब्दांत सांगू शकले नव्हते.

मी 12 गुण दिले. त्या पेपरात या प्रश्नाला कोणालाच एवढे पडले नव्हते, आणि नेमके त्यामुळेच ती उत्तरपत्रिका मॉडरेटरच्या टेबलावर गेली. मी 9 दिले असते तर ती कोणाच्या नजरेस पडली नसती.

मॉडरेटर ज्येष्ठ प्राध्यापक होते आणि वाईट माणूस नव्हते, पण आदर्श उत्तरपत्रिकेतले मुद्दे मोजण्यापलीकडे वाचन करण्याची त्यांची सवय कधीच सुटली होती. उद्धाराचा मुद्दा नाही, चिलिंगवर्थ जवळजवळ नाही, शिवाय देवनागरी शब्द म्हणजे ओळख पटावी म्हणून केलेली खूण असू शकते, असे ते म्हणाले. मी त्यांना तेराव्या प्रकरणातले वाक्य सांगितले. ते म्हणाले, "मॅडम, आठवणीवर गुण देता येत नाहीत. पुस्तकात असं असेलही, पण मॉडेल आन्सरमध्ये नाही." पुस्तक दाराबाहेर, माझ्या पिशवीत होते. अध्यक्ष घड्याळाकडे पाहत होते, निकालाची तारीख जवळ आली होती आणि माझे दोन गठ्ठे बाकी होते. हिरव्या पेनाने 12 वर काट मारून 7 लिहिले गेले. बदल मान्य असल्याची सही तपासनिसाला बाजूला करावी लागते. "करा सर, ठीक आहे," असे म्हणून मी ती केली.

लेखी हरकत घेता आली असती. तशी तरतूद आहे, आणि ती मला ठाऊक होती. त्या खोलीत हे उत्तर पुरते वाचलेली मी एकटीच होते, आणि नंतर त्या 7 वर कोणाला शंका येऊ नये यासाठी लागणारी सही माझीच होती. घरी येऊन मी दोन्ही प्रकरणे उघडली. दोन्ही वाक्ये जागच्या जागी होती. दुसऱ्या दिवशी केंद्रात गेले तेव्हा गठ्ठा सीलबंद होऊन गेला होता. मी त्याविषयी कोणाशी बोलले नाही.

यंदा तेरावे प्रकरण शिकवताना मी त्या वाक्यापाशी थांबले, चोविसाव्यातले वाक्य फळ्यावर त्याच्या शेजारी लिहिले आणि हा विचार माझा नाही, एका विद्यार्थ्याचा आहे, असे सांगितले. एका मुलीने विचारले, "मॅडम, कोणत्या बॅचचा? त्याला किती पडले होते?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी दिले. दुसऱ्याचे देण्याआधी तास संपल्याची घंटा झाली, आणि मी डस्टर उचलले. त्या विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने छायाप्रत मागवली असेल, तर त्यात लाल 12, त्यावरची हिरवी काट, शेजारचे 7 आणि त्याला लागून माझी सही दिसत असेल.