खांद्यापासून सुरुवात

माझे खांदे अरुंद, छाती भरलेली आणि धड आखूड. हे तिन्ही एकाच अंगात आलं की तयार कपडे घेताना काय होतं, ते ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांना सांगायला नको. छातीला बसणारा शर्ट घेतला तर खांद्याची शिवण दंडावर उतरते. खांद्याला बसणारा घेतला तर बरोबर नको तिथे, दोन बटणांच्या मध्ये, फट पडते. ड्रेसची कंबर पोटावर येते. बरीच वर्षं ढगळ कपड्यांत निभावलं. पुढे कामाच्या निमित्ताने लोकांसमोर उभं राहून बोलायची वेळ वारंवार यायला लागली आणि सारखं कापड खाली ओढत बोलणं मला नकोसं झालं.

सुरुवात टेपने केली. कंबर नेमकी कुठे आहे, हेच आधी शोधावं लागतं. त्यासाठी पोटाभोवती इलॅस्टिक बांधायचं आणि एका बाजूला वाकायचं. घडी पडते तिथे ते आपोआप जाऊन बसतं. मानेच्या तळाशी हाताला लागणाऱ्या मणक्यापासून इलॅस्टिकपर्यंतचं अंतर म्हणजे पाठीची उंची. माझी इथेच कमी भरली, आणि ड्रेसची कंबर खाली का सरकते ते कळलं.

खरा उलगडा मात्र छातीच्या दुसऱ्या मापाने झाला. एक माप सगळेच घेतात, सर्वांत भरलेल्या भागावरून. दुसरं काखेतून, छातीच्या वरच्या बाजूने घ्यायचं. या दोन मापांत पाच-सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असला तर खांदे आणि गळा दुसऱ्या मापाला जुळतात, पहिल्याला नाही. माझ्यात तो फरक चांगलाच जास्त निघाला. छातीचा घेर शंभर सेंटीमीटर म्हटला की त्यात रुंद पाठीची बाई येते, तशी अरुंद पाठीची, भरल्या छातीचीही येते. कपड्यांच्या मापांच्या तक्त्याला दोघी सारख्याच. सफरचंद, नाशपाती असे शरीराचे प्रकार पाडणारे सल्ले मला याच कारणासाठी पटत नाहीत: ते समोरून दिसणारी बाह्यरेषा बघतात, जाडी पुढे आहे की मागे, हे विचारतच नाहीत.

हे तक्ते आले कुठून, ते वाचल्यावर तर मला फार मोकळं वाटलं. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे पंधरा हजार स्त्रियांची मापं घेतली, आणि गोऱ्या नसलेल्या स्त्रिया हिशेबातून वगळल्या. त्या आकड्यांच्या आधारावर १९५८ मध्ये तिथे मापांचं एक मानक निघालं. १९८३ मध्ये ते मागेही घेतलं गेलं. आता प्रत्येक कंपनी स्वतःच एखादा बांधा धरते, त्यावर एक नमुना कपडा बेतते आणि तोच ठरावीक प्रमाणात लहान-मोठा करत जाते. त्या बांध्यात माझे खांदे कधीच नव्हते. तेव्हापासून ट्रायल रूममध्ये मी लेबल बघतच नाही. एकाच शर्टची लागोपाठची तीन मापं आत घेऊन जाते.

आत गेल्यावर बघायचं काय, हे मला शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी शिकवलं. त्यांनी मला आरशासमोर उभं केलं, हात सैल सोडायला सांगितले आणि शर्टावरच्या चुण्यांवर बोट फिरवलं. छातीच्या टोकापासून काखेकडे तिरपी ओढ जात असेल तर छातीला कापड कमी पडतंय. पाठीवर कमरेच्या वर आडव्या वळ्या साचत असतील तर शर्ट सीटला अडकून वर चढतोय, किंवा धडापेक्षा लांब आहे. उभ्या, सैल चुण्या पडल्या तर रुंदी जास्त झाली. मग त्यांनी हात वर करायला लावला. हाताबरोबर अख्खा शर्ट वर आला. "मुंढा खोल आहे हो," त्या म्हणाल्या. मुंढा म्हणजे बाही जोडतात तो काखेभोवतीचा गोल काप. मुंढा काखेच्या जवळ असला तर हात मोकळा फिरतो आणि शर्ट जागेवर राहतो. मला आजवर नेमकं उलटं वाटायचं, की मोठा मुंढा म्हणजे आराम.

"खांदा बसलेला आणा, बाकीचं मी बघते," हे त्यांचं वाक्य मी गाठीला बांधलं. खांदा लहान करायचा तर बाही पूर्ण उसवून मुंढा नव्याने बेतावा लागतो, आणि ते काम मोठं. बाजूच्या शिवणी आत घेणं, पाठीत दोन उभे टक्स घालणं, लांबी कमी करणं त्या मानाने सोपं. कापड कमी पडलं तर मात्र शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, असेल तेवढंच सोडता येतं. तेव्हा आता मी खांदा बसणारे, थोडं ताणणाऱ्या कापडाचे शर्ट शोधते. नाहीतर गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी शिवण असलेली रॅगलन बाही, कारण तिला खांद्याची शिवणच नसते. छातीपाशी फट पडण्याची शक्यता असलीच तर मधल्या जागी आतून एक टिचबटण. सुती कपडा आल्टरला देण्याआधी धुऊनच द्यावा, तो आटतो.

शोभण्याबद्दलचं माझं मत एवढंच, की रेषा कुठे संपते ते बघा. माझी अर्धी बाही छातीच्या पातळीवर संपली की नजर तिथेच थांबते; कोपराच्या खाली गेली की सगळं अंग हलकं दिसतं. आखूड धडाला कमरेत पट्टा चालत नाही, शर्ट आणि पँट जवळच्या रंगाची चालते. आडव्या रेघांनी माणूस जाड दिसतो, हे तर मी मनातून काढूनच टाकलं. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय, की आडव्या रेघांचा चौकोन उभ्या रेघांच्या चौकोनापेक्षा उंच आणि अरुंद दिसतो. २०११ मध्ये माणसांच्या चित्रांवर केलेल्या प्रयोगातही आडव्या रेघांनी जाडी वाढलेली दिसली नाही. माझा निळ्या आडव्या रेघांचा शर्ट मला सगळ्यांत जास्त खुलतो.

पँटचं अजून जमायचंय. तिथे सगळा खेळ आसनाचा, म्हणजे कमरेपासून दोन पायांच्या मधल्या शिवणीपर्यंतच्या भागाचा. खुर्चीवर ताठ बसून कमरेपासून खुर्चीच्या पाटापर्यंतचं माप घेऊन ठेवलंय, आणि पुढची पँट मी उभी राहून नाही, बसून बघणार आहे.