सिमेंटचा पत्रा उतरवा, पण अख्खा

कळव्याच्या चाळीतली पडवी असो की तुर्भ्याच्या गाळ्यावरचं छप्पर, जुने सिमेंटचे पत्रे बदलायची घाई पावसाच्या तोंडावर होते. धड पत्र्यातले अ‍ॅस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात. पत्रा फोडला, कापला, खरवडला की ते सुटतात, दिसत नाहीत आणि फुप्फुसात रुतून बसतात. त्यातून होणारा कर्करोग 20 ते 40 वर्षांनी उघड होतो.

आणि पत्रे फुटतात ते बरेचदा गाडीपायी. दहा फुटी पत्रा छोटा हत्तीच्या सात फुटी हौद्यात मावत नाही, मग घणाने तुकडे होतात. म्हणून आधी बारा फुटी हौद्याचा टेम्पो ठरवा. भाडं जास्त पडेल, पडू दे.

पत्रा फवारणी पंपाने नीट भिजवा. पाण्यात भांड्यांचं लिक्विड थोडं घातलं की पाणी आत मुरतं. जोराच्या धारेने मात्र पृष्ठभाग सुटतो. शेवाळही तसंच राहू द्या. पत्रा सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या जे-हुकांचे नट गंजलेले असतात. आदल्या दिवशी तेल सोडा, तरी हलले नाहीत तर हूक बोल्ट कटरने तोडा. ग्राइंडर अजिबात नको. पत्र्यावर पाय ठेवू नका, जुना पत्रा न सांगता फुटतो. परांची बांधून खालून काम करा. एक पत्रा साधारण 40 किलोचा, तो दोघांनी हातोहात खाली द्यायचा. मास्क एफएफपी3 किंवा पी100 दर्जाचा, म्हणजे बारीक धूळ अडवणारा. दाढीवर तो घट्ट बसत नाही, हे मजुरांना आधीच सांगा.

खाली आलेले पत्रे 200 मायक्रॉनच्या प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून टेप लावा, वर 'अ‍ॅस्बेस्टॉस, फोडू नका' असं मराठी-हिंदीत लिहा. जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. फडकी आणि फुटके तुकडे दुहेरी पिशवीत.

2016 च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत टाकाऊ अ‍ॅस्बेस्टॉसचं नाव आहे. त्यामुळे भंगारवाला, खाडीकिनारा, रस्त्याचा भराव हे तिन्ही बाद. तळोजा एमआयडीसीत घातक कचरा सुरक्षितपणे पुरण्याचं केंद्र आहे. प्रभाग कार्यालयात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयात लेखी अर्ज द्या, त्यात पत्र्यांची संख्या आणि अंदाजे वजन लिहा. सोसायटीने एकत्र अर्ज केला तर गाडीचा खर्च वाटला जातो. केंद्र माल घेईल असं लेखी हाती आल्याशिवाय पहिला नटही सोडू नका, नाहीतर पत्रे जिन्याखाली पडून राहतात आणि पोरं त्यावर चढतात. माल पोचल्यावर फॉर्म 10 ची, म्हणजे घातक कचरा नेल्या-पोचवल्याच्या नोंदपत्राची (मॅनिफेस्ट), प्रत मागून घ्या आणि सोसायटीच्या फायलीत लावा.