आत्याच्या जुन्या कॉम्प्युटरला ट्रॅकबॉल जोडताना

पार्किन्सन्समुळे आत्याचे हात थरथरतात, म्हणून तिच्यासाठी ट्रॅकबॉल (जागीच राहणारा, वरचा गोळा फिरवून पॉइंटर हलवायचा माउस) आणि मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड आणला. कॉम्प्युटर विंडोज ७ चा. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला थांबवला, पण तिची सगळी टाइप केलेली भजनं त्यातच आहेत आणि तिला तोच हवाय.

टायपिंग आणि पॉइंटर लगेच चालले. साध्या यूएसबी कीबोर्ड-माउसचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम, विंडोजमध्येच असतो. अडलं ते ट्रॅकबॉलच्या जादा बटनाशी, त्याला कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागत होता. एका दाबात डबल क्लिक, हीच तर तिची खरी गरज!

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून हार्डवेअर आयडी (उपकरणाचा ओळख क्रमांक) काढला, तो ड्रायव्हरसोबतच्या आयएनएफ (माहितीच्या) फाइलमध्ये आहे का ते नोटपॅडमध्ये पाहिलं आणि ड्रायव्हर हाताने निवडायच्या 'हॅव डिस्क' बटनातून ती फाइल दिली. तरी विंडोजला ड्रायव्हरची डिजिटल सही (तो खऱ्या कंपनीचाच आहे याची खूण) पटेना. नव्या ड्रायव्हरांवरची शा-२ (SHA-2) या नव्या पद्धतीची सही ओळखायला विंडोज ७ ला केबी३०३३९२९ हे अपडेट लागतं. ते टाकलं आणि ड्रायव्हर बसला. सही तपासणंच बंद करा, असा सल्ला सर्रास मिळतो. वयस्कर माणसाच्या मशीनवर तसं अजिबात करू नये.

ड्रायव्हर नसतानाही बरंच काही हाताशी असतं. उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून धरली की फिल्टर कीज (चुकून पुन्हा दाबलेल्या कळा न मोजण्याची सोय) चालू करायची का, अशी विचारणा येते. ते चालू केल्यावर थरथरीमुळे एकच अक्षर पुन्हापुन्हा उमटत नाही. डावी ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबून माउस कीज सुरू केल्या, की नंबर पॅडवरून पॉइंटर हलतो, ५ ने क्लिक होतं. सपोर्ट थांबलेल्या विंडोजला सुरक्षेची अपडेट्स मिळत नाहीत, म्हणून इंटरनेटची वायर मात्र मी काढून ठेवली आहे.