काकूंची पर्स
आज शेजारच्या काकूंबरोबर जीपीकडे (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) गेले होते, दुभाषी म्हणून. 30 वर्षं लंडनमध्ये राहतायत पण शिंक आली की लघवी सुटते हे पोटच्या पोरीलाही कधी बोलल्या नाहीत, "अगं तीन बाळंतपणं झाली, चालायचंच!" लग्नाकार्याला निघायचं तर सकाळपासून पाणी बंद आणि पर्समध्ये घडी घातलेला जादा परकर, हे सगळं मला बसमध्ये कानात, जसं काही पुढच्या सीटवरच्या गोऱ्याला मराठी कळतंय 😄

डॉक्टर बाईच निघाली हे नशीब. म्हणाली पाणी तोडू नका, फिजिओकडे पाठवते, पेल्विक फ्लोअरचे (म्हणजे लघवी रोखून धरणाऱ्या, ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचे) व्यायाम किमान 3 महिने, दिवसातून 3 वेळा, दर वेळी निदान 8 वेळा आवळून सोडायचं. बाहेर आल्यावर काकू, "एवढंच?" आणि बस स्टॉपवर एकदम गप्प. विचारलं काय झालं, तर म्हणे थांब, मोजतेय.