कमीत कमी किती गेट लागतील?

ठाणे, मंगळवार रात्र

तिसऱ्या वर्षाला ट्युरिंग मशीन, म्हणजे संगणकाचं कागदावरचं गणिती रूप, शिकवून झालं. अभ्यासक्रमातली थिअरी, म्हणजे संगणकशास्त्राची गणिती बाजू, इथेच संपते, आणि मुलं प्लेसमेंटच्या तयारीला लागतात. घणसोलीची एक मुलगी मात्र जेस्टची, म्हणजे संशोधन संस्थांतल्या पीएचडीसाठीची प्रवेश परीक्षा देणार म्हणते. आज तिचे वडील नेरूळला कॉलेजात भेटायला आले होते. "मॅडम, कॅम्पसमधून नोकरी मिळतेय, आणि ही पाच-सहा वर्षं कागदावर गणितं करत बसणार. पुढे काय?"

प्रश्न रास्तच आहे. आधी पैशांचं सांगितलं: जेआरएफ, म्हणजे संशोधन करणाऱ्यांची शिष्यवृत्ती, 2023 पासून महिना 37,000 रुपये, वर घरभाडं. त्यावर त्यांनी मान डोलावली, पण "पुढे काय" तसंच राहिलं. मग मी याच विषयातल्या संशोधक नूतन लिमये यांच्याबद्दल बोलले.

चेन्नईच्या आयएमएससी या गणिती विज्ञानाच्या संशोधन संस्थेत मीना महाजन यांच्याकडे त्यांनी पीएचडी केली, बरीच वर्षं पवईच्या आयआयटीत शिकवलं, आता कोपनहेगनच्या आयटी विद्यापीठात आहेत. 2021 मध्ये श्रीकांत श्रीनिवासन आणि सेबास्तियाँ ताव्हना यांच्याबरोबरच्या त्यांच्या शोधनिबंधाला फॉक्स या थिअरीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सर्वोत्तम निबंधाचा मान मिळाला. आमच्या विषयात याहून मोठं व्यासपीठ क्वचितच असेल.

त्यांनी काय सिद्ध केलं ते वडिलांना सांगणं जमलं नाही, वेळ नव्हता. इथे लिहून ठेवते, कारण मला ते फार सुंदर वाटतं. फक्त बेरीज आणि गुणाकार करणारे गेट, म्हणजे एकेक क्रिया करणारे घटक, घ्या, त्यांचे थर रचा आणि एखादी बहुपदी काढा. थरांची संख्या ठरावीक ठेवली, तर गेट कमीत कमी किती लागतील? वास्तव संख्यांवर काम करताना तीन थरांसाठीसुद्धा 2016 पर्यंतची मजल जेमतेम चलांच्या संख्येच्या घनाच्या जवळपास पोचली होती. या तिघांनी दाखवलं की थर कितीही ठरवा, तीन, चार किंवा शंभर, काही बहुपदींसाठी गेटची संख्या चलांच्या संख्येच्या कुठल्याही ठरावीक घातापेक्षा वेगाने वाढते. आणि ती बहुपदी काही मुद्दाम रचलेली विचित्र वस्तू नाही. बऱ्याच मॅट्रिक्स एकापुढे एक गुणल्या की उत्तरात जी येते, तीच. थर ठरावीक ठेवून जगातला कुठलाही हुशार माणूस याहून कमी गेटमध्ये ती काढू शकणार नाही, हे कायमचं ठरलं. एवढं ठाम विधान करता येणारे विषय किती आहेत?

या विषयात उशीरही खूप सोसावा लागतो. शफी गोल्डवासर यांचा शून्य-ज्ञान सिद्धतांवरचा (दावा खरा आहे एवढंच पटवायचं, बाकी काही उघड करायचं नाही) निबंध 1985 मध्ये परिषदेत येण्याआधी अनेकदा नाकारला गेला होता. त्यालाच 1993 मध्ये थिअरीतल्या निबंधांसाठीचा गोडेल पुरस्कार मिळाला, आणि त्यांना 2012 चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा. मुलीला हे मी आधीच सांगितलं आहे, म्हणजे पहिला नकार आला की ती सोडून देणार नाही.

आणखी एक गोष्ट मला डाचते. थिअरीत लेखकांची नावं आद्याक्षरानुसार लावतात. त्यामुळे पहिलं कोण, शेवटचं कोण, याला काही अर्थ नसतो. पण अप्रेझलच्या फॉर्ममध्ये मात्र प्रथम लेखकाला जास्त गुण! या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक मुलीला आपलं काम आपलंच आहे हे अशा फॉर्मवर पटवत बसावं लागणार. ज्या कमिटीला हे माहीत नसेल, तिला ते कुणीतरी लेखी कळवायला हवं. मी कळवणार आहे.

वडिलांना शेवटी काय पटलं, मला कळलं नाही. निघताना त्यांनी विचारलं, "लिमये मॅडमनी शिकवलेली मुलं आहेत का कुठे?" हा प्रश्न मला फार आवडला. महाजनांनी लिमयांना घडवलं, लिमयांनी पवईत पुढच्यांना शिकवलं, आणि ही साखळी घणसोलीपर्यंत यायला वर्गातल्या कुणीतरी ते नाव वेळेवर उच्चारावं लागतं. तिसऱ्या वर्षाच्या आत, प्लेसमेंटच्या आधी.

गुरुवारी लेक्चरनंतर निसान आणि विग्डरसन यांची पार्शल डेरिव्हेटिव्हची युक्ती फळ्यावर करायची ठरवली आहे, कमीत कमी किती गेट लागतील हे दाखवण्याची. मॅट्रिक्सची रँक येत असेल तर तिला सगळं समजेल. वर्गातल्या आणखी दोघींनाही बोलावलंय.