दोऱ्याची गाठ

माझ्याकडे हलत्या पुस्तकांचा, म्हणजे पट्टी ओढली किंवा पान उघडलं की चित्रं हलतात अशा मुलांच्या पुस्तकांचा, संग्रह आहे. त्यात मला सगळ्यात जवळचं वाटतं ते पुस्तक नाहीच. ती तीन सुटी पानं आहेत. मुखपृष्ठ गेलेलं, शिवण उसवलेली, एका पानाच्या पाठचा कागद खालच्या कोपऱ्यापासून पार निम्म्यापर्यंत सुटलेला. लोथार मेगेनडॉर्फरच्या एका जुन्या जर्मन पुस्तकातली ही पानं. "धडकी प्रत मिळेपर्यंत थांब," असं माझ्यासारखाच संग्रह करणाऱ्या मैत्रिणीने बजावलं होतं. पण त्या सुटलेल्या कागदाआड काहीतरी चमकलं आणि मला ती पानं सोडवेनात.

चमकली ती तांब्याची तार होती.

समोरून दिसतो तो व्हायोलिनवाला. पानाखालची पट्टी ओढली की आधी गज धरलेला हात सरकतो, मग मान कलते आणि सगळ्यात शेवटी डोळे फिरतात. पट्टी एकच. हे कसं होतं ते धडक्या प्रतीत कधीच दिसत नाही, कारण सगळा कारभार दोन चिकटवलेल्या कागदांच्या मध्ये चालतो. माझ्या पानात तो उघडा पडला होता. आत कार्डाच्या अरुंद तरफा आहेत. एक तरफ दुसरीला जिथे मिळते तिथे बारीक तारेचं वेटोळं, गोगलगायीच्या शंखासारखं, दोन्ही बाजूंनी चपटं केलेलं. हे वेटोळं किंचित सैल ठेवलंय, म्हणून तरफ फिरते. डोळ्यांच्या तरफेला मात्र गोल भोक नाही, लांबट खाच आहे. पट्टी ओढली की सांधा आधी त्या खाचेत नुसताच सरकतो, टोकाला पोचल्यावर मग तरफेला ओढून नेतो. डोळे उशिरा का फिरतात, त्याचं उत्तर एवढंसं, काजाएवढं.

मी शिवणकाम करते, त्यामुळे ताण कुठे पडतो तिकडे माझी नजर आधी जाते. त्या खाचेभोवती कडा जराही फाटलेली नाही. ज्याने ती कापली त्याला आपलं काम येत होतं. ही पुस्तकं छापली यंत्रावर जात, पण कापणं, जोडणं, तार वळणं हे सगळं हातानेच व्हायचं.

मेगेनडॉर्फर म्युनिकचा, जन्म १८४७चा. व्यंगचित्रं काढायचा. त्याचं पहिलं हलतं पुस्तक त्याने १८७८च्या सुमारास नाताळची भेट म्हणून आपल्या मुलासाठी केलं होतं, असं सांगतात. ते मला सहज पटतं. त्याची चित्रं बघताना समोर एक विशिष्ट मूल बसलेलं असावं असं वाटत राहतं: आता हे हसेल, आता परत ओढेल. १८८७ सालची त्याची सर्कस तर उलगडून अर्धवर्तुळात उभी करायची आहे, प्रेक्षक, वाद्यवृंद, घोडे, सगळ्यासकट. अस्सल प्रत मी काचेआडून पाहिली आहे. घरी आहे ती नंतरची नक्कल.

नक्कल म्हणताना मला कमीपणा वाटत नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून जुन्या हलत्या पुस्तकांच्या चांगल्या नकला निघाल्या आणि मुलांच्या हातात द्यायला त्याच योग्य. फक्त अस्सल म्हणून नक्कल गळ्यात पडू नये एवढं बघायचं. त्याला एक भिंग पुरतं. जुनी रंगीत छपाई दगडावरची. भिंगाखाली तिचे ठिपके वेडेवाकडे, हाताने टिंबं दिल्यासारखे दिसतात आणि रंग एकावर एक चढलेले असतात. आधुनिक छपाईत ठिपके ओळीत, जाळीसारखे, ठरावीक अंतरावर. एकदा ओळख पटली की चूक होत नाही.

न्यूरेंबर्गच्या अर्न्स्ट निस्टर या प्रकाशकाची दोन पुस्तकं माझ्याकडे आहेत. १८९०च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या मुलांसाठी त्याने बवेरियात छापून घेतलेली चित्रं मेगेनडॉर्फरच्या मानाने गोड आहेत. गुबगुबीत मुलं, मांजरीची पिल्लं. मला त्यांच्यातली करामत जास्त आवडते. चित्र आडव्या पट्ट्यांत कापलेलं असतं आणि दुसरं चित्र, तसंच कापलेलं, त्या पट्ट्यांखाली दडलेलं. पट्टी ओढली की खालच्या पट्ट्या वर सरकतात आणि खिडकीच्या झडपांसारखं एक चित्र मिटत दुसरं उमलतं. मधल्या एका क्षणी दोन्ही अर्धी-अर्धी दिसतात. मी नेहमी तिथेच थांबते.

पहिल्या महायुद्धाने जर्मनीतला हा धंदा बसवला. पुढे १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये लुई जिरोची, पान उघडताच आपोआप उभी राहणारी पुस्तकं आली, दुसऱ्या महायुद्धानंतर प्रागमध्ये व्होयतेख कुबाश्ताची. कुबाश्ता मला फार प्रिय आहे, पण त्याच्यावर वेगळं लिहावं लागेल.

तर, दुरुस्ती. पान हातात आल्यावर मी ते आठवडाभर नुसतं सपाट ठेवलं. त्या काळातला बराच कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं आम्ल कागदालाच खातं. घडीवर वाकवला तर तडकतो. चिकटपट्टी तर अजिबात नको. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि मग निघता निघत नाही. मी गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि लांब धाग्यांचा जपानी कागद वापरते. खळ पाण्याने सुटते. माझं काम उद्या कुणाला चुकीचं वाटलं तर ते काढता यायला हवं.

सुटलेला कागद परत चिकटवण्याआधी मी भिंगातून एकेक सांधा पाहिला. पाच वेटोळी तांब्याची. सहाव्या जागी, नेमकी डोळ्यांच्या खाचेत, तार नव्हतीच. तिथे शिवणाचा दोरा होता. काळा, दुहेरी, दोन्ही टोकांना गाठ मारलेला. आणि सुटलेल्या कागदाच्या कडेला जुन्या गोंदाचा दुसरा थर. म्हणजे हे पान यापूर्वीही कुणीतरी उघडलं होतं. तार तुटली, डोळे थांबले, मूल रडलं असेल किंवा हट्टाला पेटलं असेल, आणि घरातल्या कुणीतरी सुई घेतली. गाठ नीट बसलेली आहे. बटण लावताना खाली जागा ठेवतात तशी दोऱ्याला जराशी ढील दिलेली, तरफ फिरावी म्हणून. हात सरावाचा होता.

मैत्रीण म्हणाली, "दोरा काढ, तारेचं वेटोळं घाल, म्हणजे मूळ होतं तसं होईल." तार माझ्याकडे होती. वळूनही पाहिली. आणि डबीत ठेवून दिली.

दोरा तसाच ठेवून मी कागद चिकटवला, वर वजन ठेवलं, दोन दिवस हात लावला नाही. आता पट्टी ओढली की गज सरकतो, मान कलते आणि डोळे थोडे जास्तच रेंगाळून फिरतात, कारण दोरा तारेपेक्षा जाड आहे, खाचेत घासतो.

सहा वर्षांची भाची आली की मी पान टेबलावर ठेवते आणि पट्टी मीच ओढते, हळू. ती हनुवटी टेबलाला टेकवून त्याच्या डोळ्यांकडे बघत असते.

"मावशी, तो विचार करतोय," ती म्हणाली. "परत कर ना."

मी परत केलं.