धसकटातली कबुतरं आणि ट्रॅक्टरचं वेळापत्रक

ऑगस्टच्या मध्यावर इंग्लंडमधल्या केंब्रिजशायरच्या फेन भागात (दलदल आटवून केलेली सपाट शेतजमीन), एली शहराच्या आसपास, वुड पिजनच्या मागे एक दिवस काढला. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे बंदुकीची शिकार संपली, त्यामुळे इकडे राहायला आलेल्या मराठी माणसाला हा प्रकार नवाच. वुड पिजन म्हणजे पारव्यापेक्षा थोराड रानकबूतर, मानेला पांढरा डाग, पंखावर पांढरा पट्टा. ब्रिटनमध्ये यांच्या सुमारे पन्नास लाख जोड्या असाव्यात, आणि इथला शेतकरी त्यांच्या नावाने बोटं मोडत असतो.

नवखा माणूस दुर्बीण घेऊन आभाळ बघत बसतो. माझ्याबरोबर आलेले सत्तरीतले शेजारी आदल्या संध्याकाळी शेतमालकाला फोन करतात आणि कबुतरांचं नावही काढत नाहीत. कुठलं रान कधी कापलं, काड गोळा करणार की बारीक करून तिथेच टाकलं, डिस्क (गोल पात्यांचं, माती वरखाली करणारं औत) कधी फिरणार, एवढंच विचारतात. कापणीनंतर पाखरं कुठे बसतील हे ट्रॅक्टरवाला ठरवतो, आणि त्याला फोन लागतो.

पहिलं रान जवाचं. जव जुलैतच निघतो आणि त्याच्यावर रेप, म्हणजे तेलाची मोहरी, पेरायची घाई असते. त्यामुळे डिस्क फिरून माती वरखाली झालेली. डिस्क चालू असताना मागे कावळे आणि गल (कुरव पक्षी) यांची झुंबड उडते, थोडी कबुतरंही येतात, पण दाणा मातीआड गेला की तासाभरात रान ओस. आम्ही गाडीतूनही उतरलो नाही.

दुसरं गव्हाचं. कंबाइनने, म्हणजे कापणी-मळणीच्या यंत्राने, काड बारीक करून रानभर पसरलेलं. दाणा सांडलेला असतो, पण या थराखाली दडतो. चार-दोन कबुतरं होती तीही शेताच्या कडेला, जिथे कंबाइन वळलं होतं. अशा रानावर हलकं दाताळं फिरवतात, गोगलगायींची अंडी उघडी पडावीत आणि पडलेलं बी व तण लवकर उगवावं म्हणून. दाताळं फिरल्यावर एखादा दिवस तिथे बरं असतं. आमच्या वेळी फिरलेलं नव्हतं.

तिसऱ्या रानात मात्र मजा होती. गहूच, पण काड ओळींत सोडलेलं आणि त्याच सकाळी बेलरने मोठे चौकोनी गठ्ठे बांधलेले. एलीजवळ काड जाळून वीज करणारं केंद्र आहे, वर्षाला लाखो टन काड लागतं, त्यामुळे या भागात बेलर भरपूर फिरतात. काड उचललं की त्याखालचा दाणा उघडा पडतो, तोही पट्ट्या-पट्ट्यांनी. कबुतरं त्याच पट्ट्यांवर ओळीने चरत होती. गठ्ठे बांधून झाल्यापासून डिस्क येईपर्यंतचा काळ तेवढा आपला. कधी दोन-तीन दिवस, कधी फक्त एक दुपार.

शेजारी सांगतात, पूर्वी धसकट आठवडेच्या आठवडे उभं असायचं, नाहीतर पेटवून द्यायचे. इंग्लंडमध्ये पिकांचे अवशेष जाळायला 1993 पासून बंदी आहे. पंजाब-हरियाणाच्या बातम्या वाचणाऱ्याला हे लगेच कळेल. आता कापणी, बेलर, डिस्क, पेरणी अशी रांगच लागते आणि पाखरांना सवडच उरत नाही.

लपण आम्ही खंदकाकाठच्या झाडोऱ्याला धरून बांधलं, वारा पाठीशी घेऊन. कबूतर वाऱ्याला तोंड करून उतरतं, म्हणजे ते आपल्याच दिशेने येतं. नकली कबुतरं पंचवीसेक पावलांवर घोड्याच्या नालेच्या आकारात, मधली जागा उतरायला मोकळी. धसकट उंच असेल तर जमिनीवर ठेवलेली नकली कबुतरं दिसतच नाहीत, लांब काठ्यांवर टोचा. गठ्ठ्यांच्या आड बसायचा मोह टाळा: ट्रेलर कधीही येतो, शिवाय गठ्ठे दुसऱ्याने विकत घेतलेले असतात. सकाळी धडपडत जाण्यातही अर्थ नाही, ऑगस्टमध्ये खरी वर्दळ दुपारी. पिल्लांचा हंगामही याच सुमाराला, म्हणून मोठी पाखरं सारखी ये-जा करतात.

आता कायद्याचं, कारण इथे बरेच जण अडकतात. बंदुकीसाठी पोलिसांचं पाच वर्षांचं प्रमाणपत्र लागतंच, पण ते पुरेसं नाही. कबूतर मारायची मुभा इंग्लंडमध्ये जनरल लायसन्समधून (सगळ्यांसाठी खुला, वेगळा अर्ज न लागणारा सरकारी परवाना) मिळते, आणि ती पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी आहे, हौसेसाठी नाही. 2019 मध्ये ही लायसन्सं अचानक रद्द झाली होती, तेव्हापासून अटींकडे सगळ्यांचं लक्ष आहे. कापलेल्या रानात सांडलेला दाणा हे पीक नव्हे. मग कुठलं पीक वाचवताय, याचं उत्तर तयार हवं. आमच्या बाबतीत शेजारच्या तुकड्यात आडवा पडलेला गहू होता, कंबाइन अजून पोचलं नव्हतं, आणि मालकाने आधी आवाजाच्या तोफा लावून पाहिल्या होत्या. असं उत्तर नसेल तर बंदूक घरी ठेवा आणि दुर्बीण न्या, दिवस वाईट जात नाही. स्टॉक डव्ह ओळखायला शिका: लहान, राखाडी, पांढरं काही नाही; ते या लायसन्समध्ये बसत नाही. घोळ असा की वुड पिजनच्या या वर्षीच्या पिल्लांच्या मानेलाही पांढरं नसतं, म्हणून पंखाचा पट्टा बघायचा.

फेनमध्ये सगळं सपाट, आडोसा नाही. छर्रे दोनशे मीटरच्या पुढेही जाऊ शकतात, तेव्हा पायवाटा आणि ट्रॅक्टर कुठे आहेत हे नकाशावर आधी पाहा. गाडी धसकटात उभी करू नका, तापलेल्या सायलेन्सरने वाळलं काड पेटतं. कुत्रं बरोबर असेल तर पाणी भरपूर न्या. धसकटाची टोकं त्याच्या पंजांना आणि डोळ्यांना लागतात. रिकामी काडतुसं वेचूनच निघायचं, नाहीतर पुढचा फोन मालक उचलणार नाही. छातीचं मांस घरी कांदा-खोबऱ्याच्या वाटणात झकास होतं, फक्त छर्रे बोटांनी चाचपून काढा.

आणि निघताना मालकाला एक विचारून ठेवा: वसंतात पेरायचं रान कुठलं? तिथे डिस्कची घाई नसते. आम्हाला त्याने सप्टेंबरअखेरपर्यंत धसकट राहील असा एक तुकडा दाखवला, कालव्याच्या पलीकडे.